करसवलतीच्या भरवशावर एक छोटा मराठी चित्रपट : ब्रिटनमधल्या कामाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

आज होकार कळवला. गोष्ट लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका मराठी नर्सची. तीस वर्षं एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, रात्रपाळ्या केलेली बाई, साताऱ्याहून कायमची राहायला आलेली तिची आई, आणि मराठी सगळं कळत असूनही इंग्रजीतच उत्तर देणारी मुलगी. लेखिका लेस्टरची, ब्रिटिश नागरिक. दिग्दर्शक पुण्याचा, निर्माते मुंबईचे. इथलं लाइन प्रॉडक्शन, म्हणजे चित्रीकरणाची सगळी व्यवस्था, आणि हिशेब माझ्याकडे.

निर्मात्यांचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, तिकडचं सरकार किती परत देतं?"

नीट लिहून पाठवलं, तेच इथे ठेवते. ब्रिटनमध्ये २००७ पासून चित्रपटांना करसवलत आहे. १ जानेवारी २०२४ पासून जुन्या सवलतीच्या जागी नवं क्रेडिट, म्हणजे ठरावीक खर्चाचा काही भाग सरकारकडून परत मिळण्याची योजना, आलं, त्याचा दर ३४ टक्के. छोट्या चित्रपटांसाठी त्यातच वेगळा दर काढला आहे, ५३ टक्के. त्याच्या अटी अशा: चित्रीकरण १ एप्रिल २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू झालेलं हवं, चित्रपट थिएटरसाठी हवा, मुख्य लेखक किंवा दिग्दर्शक ब्रिटिश नागरिक किंवा इथला रहिवासी हवा, नाहीतर चित्रपट दोन देशांच्या करारातली अधिकृत सहनिर्मिती हवी. खर्चाची वरची मर्यादा कोट्यवधी पाउंडांत आहे, आपल्याला तिची फिकीर नाही. आपली लेखिका इथली असल्यामुळे आपण बसतो.

५३ हा आकडा ऐकून त्यांनी निम्मं बजेट सुटलं असं धरलं. तसं होत नाही. या क्रेडिटवर २५ टक्के कर लागतो, म्हणून हातात ३९.७५ टक्के. तेही सगळ्या खर्चावर नाही. पूर्वतयारी, चित्रीकरण आणि पोस्ट, म्हणजे नंतरचं संकलन-ध्वनीचं काम, यांचाच खर्च धरतात; तो मूळ खर्च. प्रसिद्धी, वितरण, कर्जाचं व्याज, गोष्ट घडवण्याच्या काळातला खर्च, यातलं काहीच बसत नाही. त्यातही ब्रिटनमध्ये झालेला खर्च आणि एकूण मूळ खर्चाचे ८० टक्के, यातली जी रक्कम कमी तिच्यावरच हिशेब.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे शेवटी मिळतात. सगळा खर्च होऊन, हिशेब बंद करून, कंपनीचं कर विवरण भरल्यावर.

१९ नोव्हेंबर

सांस्कृतिक चाचणीचा तक्ता लेखिका आणि दिग्दर्शकासोबत भरला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे बीएफआय, चित्रपट 'ब्रिटिश' असल्याचं प्रमाणपत्र देते तेव्हाच क्रेडिटचं दार उघडतं. ३५ पैकी १८ गुण लागतात. १८ गुण आशयाला, ४ सांस्कृतिक योगदानाला, ५ काम कुठे केलं त्याला, ८ माणसांना.

भाषेच्या ६ गुणांसाठी संवाद इंग्रजीत किंवा ब्रिटन-युरोपातल्या मान्य भाषांत हवेत. वेल्श चालते, मराठीला गुण नाहीत. दिग्दर्शक थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मग आईचे काही सीन इंग्रजीत करायचे का?"

लेखिका ताईंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं, आणि त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. ही आई दुधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा नातीकडून वाचून घेते. तिच्या तोंडी इंग्रजी घातलं की चित्रपट उरत नाही. मुलगी इंग्रजी बोलते कारण ती बोलतेच, तिच्या संवादांचे जेवढे गुण पडतील तेवढे पडोत.

बाकीचं जमतं. गोष्ट स्लाऊमध्ये घडते, प्रमुख पात्रं इथली रहिवासी, विषय इथल्या आरोग्यसेवेतल्या माणसांचा. चित्रीकरणाचा मोठा भाग इथला, क्रू बहुतेक इथला, लेखिका इथली. भाषेचा एकही गुण धरला नाही तरी १८ च्या वर जातो. सहनिर्मितीचाही एक मार्ग आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यात तसा करार आहे आणि त्यातून गेलं तर ही गुणांची चाचणी लागत नाही. पण दोन्ही देशांतल्या मंजुऱ्यांचा व्याप एवढ्याशा चित्रपटाला झेपणारा नाही.

गेल्या काही वर्षांत लंडनमध्ये चित्रित झालेल्या मराठी चित्रपटांची रांग लागली आहे, आणि "सवलतीसाठी कथा विमानात बसवतात" ही टीकाही मी ऐकते. काही चित्रपटांच्या बाबतीत ती खरी आहे. पुण्यातलं कुटुंब कारण नसताना टॉवर ब्रिजवर भांडताना दिसलं की प्रेक्षकाला ते कळतं. या चित्रपटात एकही पूल नाही. वेक्सहॅम पार्क रुग्णालयाजवळची टेरेस घरं, बस स्टॉप आणि नाइट शिफ्टहून परतणारी बाई आहे. म्हणून हे काम घेतलं.

३ डिसेंबर

इथली कंपनी नोंदली. एका चित्रपटाला एकच निर्मिती कंपनी, आणि ती ब्रिटनच्या कंपनी कराच्या कक्षेत हवी.

यावरून मुंबईशी आज तासभर चर्चा. त्यांची कल्पना अशी की सगळे करार मुंबईच्या कंपनीने करायचे आणि इथल्या कंपनीने शेवटी एक ठोक बिल द्यायचं. हे चालणार नाही. पूर्वतयारीपासून चित्रपट हातात देईपर्यंतची जबाबदारी या कंपनीची हवी. निर्णयांत तिचा प्रत्यक्ष भाग हवा, आणि वाटाघाटी, करार, पैसे देणं हे तिने थेट करायला हवं. नुसती पाटी लावलेली कंपनी कर खात्यापुढे टिकत नाही.

ठरलं ते असं: पैसा मुंबईहून बँकेच्या रीतसर मार्गाने या कंपनीत येईल. इथल्या प्रत्येक माणसाचा करार या कंपनीशी होईल, मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांचाही. निर्णयांच्या बैठकांचं टिपण ठेवायचं, दर आठवड्याला, तारखेसह.

१६ जानेवारी २०२५

बजेट पक्कं. मूळ खर्च ३,००,००० पाउंड. त्यातला ब्रिटनमधला २,२५,०००, आणि साताऱ्याचे फ्लॅशबॅक व पुण्यातलं पोस्ट मिळून ७५,०००. सवलतीत न बसणारा खर्च ४०,०००. एकूण ३,४०,०००. रुपयांत साधारण साडेतीन कोटींच्या घरात.

क्रेडिट: ३ लाखांचे ८० टक्के म्हणजे २,४०,०००. आपला इथला खर्च त्याहून कमी, म्हणून २,२५,००० वरच. त्याचे ५३ टक्के १,१९,२५०. कर जाऊन ८९,४३७. साध्या ३४ टक्क्यांच्या दराने हेच ५७,३७५ झाले असते. लेखिका इथली असण्याची किंमत या चित्रपटाला बत्तीस हजार पाउंड आहे. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझ्या मानधनाचं काय ते बघा जरा." रास्त मागणी आहे. मानधन वाढवलं, बाकीच्या ओळी थोड्या आवळून एकूण तेवढंच ठेवलं.

'इथला खर्च' म्हणजे काय, यावर सगळ्यांचा गोंधळ होतो. नियम माणसाचा पासपोर्ट पाहत नाही. वस्तू किंवा सेवा कुठे वापरली गेली ते पाहतो. मुंबईचा कॅमेरामन स्लाऊमध्ये काम करतो, त्या दिवसांचं त्याचं मानधन इथला खर्च. लक्ष्मी रोडवर घेतलेली आईची लुगडी इथल्या सीनमध्ये नेसली जातात, तीही इथल्या खर्चात. उलट, इथल्या संकलकाने पुण्यात बसून काम केलं तर ते बाहेरचं. कॅनडात हेच वेगळं आहे. तिथलं केंद्राचं क्रेडिट मजुरीवर मिळतं आणि काम करणारा तिथला रहिवासी लागतो. टोरांटोचा एक मित्र तिथले अनुभव सांगून सल्ले देतो, ते इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

खर्चाच्या वहीत आजपासून प्रत्येक ओळीला दोन खुणा: मूळ खर्च आहे की नाही, आणि इथला की बाहेरचा. बिल आलं त्याच दिवशी खूण करायची.

२ फेब्रुवारी

इथल्या मराठी मंडळींची बैठक. डॉक्टर, आयटीतले लोक, दोन निवृत्त जोडपी. चहा-पोहे झाले आणि मग पैशाचं बोलणं.

पहिला प्रश्न एसईआयएसचा. नव्या छोट्या कंपनीत पैसे घालणाऱ्याला आयकरात ५० टक्के सूट देणारी ही योजना इथे सगळ्यांना माहीत आहे. स्पष्ट सांगितलं की आपल्याला ती धरता येणार नाही. २०१८ पासून अट आहे की कंपनी दीर्घकाळ वाढण्याच्या उद्देशाने चालणारी हवी आणि घातलेलं भांडवल खरोखर जोखमीत हवं. एका चित्रपटापुरती काढलेली कंपनी त्यात बसणं कठीण. एका गृहस्थांना दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या चित्रपटासाठी अगदी हेच आश्वासन देऊन पैसे मागितले होते, ते जरा चपापले.

मी त्यांना उतरंड समजावली. क्रेडिटचे पैसे आले की आधी कर्ज देणाऱ्याचे, मग तुमचे, मग निर्मात्यांचे. थिएटरचं उत्पन्न शून्य झालं तरी क्रेडिटमधून काही भाग परत येईल, पूर्ण मुद्दल नाही. एवढं ऐकूनही जे थांबले त्यांच्यावर माझा भरवसा आहे.

निर्मात्यांच्या तक्त्यात राज्य सरकारच्या अनुदानाचे ४० लाखही 'अ' दर्जा गृहीत धरून जमेला होते. ते मी काढून टाकले. महाराष्ट्राचं अनुदान चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर ठरतं. ब्रिटनचं क्रेडिटही मागाहूनच येतं. मागाहून येणाऱ्या दोन रकमांवर मे महिन्यातलं शूटिंग उभं राहत नाही.

१८ फेब्रुवारी

आजची नोंद सविस्तर, कारण या चित्रपटाचं आर्थिक गणित इथे ठरलं.

इथल्या २,२५,००० मध्ये ३०,००० पाउंड 'नंतर देऊ' या खात्यात होते. साउंड रेकॉर्डिस्ट, कलादिग्दर्शक, संकलक आणि दोन कलाकार यांनी निम्मं मानधन आता, निम्मं चित्रपट चालल्यावर, असं मान्य केलं होतं. छोट्या चित्रपटांत हे सर्रास होतं. मराठीत तर एवढं की त्याला कुणी उधारी म्हणतच नाही, 'सहकार्य' म्हणतात.

कायदा याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. हिशेबाचा कालावधी संपल्यावर चार महिन्यांच्या आत प्रत्यक्ष न दिलेली रक्कम त्या कालावधीच्या खर्चात धरता येत नाही. म्हणजे ३०,००० दिले नाहीत तर क्रेडिट १,९५,००० वर, हातात येणार ७७,५१२. जवळजवळ बारा हजारांचं नुकसान. हेच उलट बाजूने वाचलं की चित्र बदलतं. तीस हजार वेळेवर दिले तर त्यातले ११,९२५ परत येतात. लोकांना पूर्ण पैसे देण्याचा खरा भार १८,०७५.

हा तक्ता मुंबईला पाठवला आणि फोन केला. निर्माते म्हणाले, "पण ते स्वतःच तयार आहेत ना थांबायला?"

मी म्हटलं, "सर, ते तयार आहेत कारण त्यांना पर्याय नाही. रेकॉर्डिस्टचं घरभाडं चित्रपट चालेपर्यंत थांबत नाही. आणि त्याला थांबवून आपण आपलंच क्रेडिट गमावतोय."

मला या योजनेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ती दिलेल्या पैशावर परतावा देते, कबूल केलेल्या पैशावर देत नाही. आपल्याकडे कमी बजेट म्हणजे कामगाराच्या खिशातून केलेली बचत, असं समीकरण होऊन बसलं आहे. स्पॉट दादापासून संकलकापर्यंत सगळे चित्रपटाला बिनव्याजी कर्ज देत असतात, आणि श्रेयनामावलीत त्यांना धनको म्हणून जागा नसते. इथे निदान हिशेबाची बाजू त्यांच्याकडून आहे.

संध्याकाळी उशिरा उत्तर आलं. निर्माते पंधरा हजार वाढवतायत. उरलेले पंधरा हजार बैठकीतल्या दोन कुटुंबांनी दिले, तक्ता पाहून. 'नंतर देऊ' ही ओळ बजेटमधून काढली.

१० मार्च

बीएफआयचं अंतरिम प्रमाणपत्र आल्यामुळे कर्ज देणाऱ्यांशी बोलता आलं. बीएफआय आधी अंतरिम देते, चित्रपट पूर्ण झाल्यावर अंतिम.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात क्रेडिट दुसऱ्या करदात्याला विकता येतं, त्याचा बाजारच आहे. इथे विकता येत नाही. कर खातं कंपनीलाच पैसे देतं. म्हणून त्या येण्यावर कर्ज काढायचं. एका संस्थेने आमचा अंदाज बाजूला ठेवून स्वतःचा धरला, ८०,०००. त्याच्या ८० टक्के म्हणजे ६४,००० देणार. शुल्क आणि व्याज मिळून ९,०००, तेही आगाऊ कापून. कंपनीच्या बँक खात्यावर त्यांचा बोजा, म्हणजे कर खात्याचे पैसे आले की आधी त्यांचे.

नऊ हजार लागतात हे खुपतं. व्याजाचा खर्च क्रेडिटमध्ये बसत नाही, म्हणजे त्यावर काही परत येणार नाही. पण मे महिन्यात पगार द्यायचे तर हाच मार्ग. सही केली.

आता पैशाची मांडणी: मुंबई १,९०,०००, इथले गुंतवणूकदार ८६,०००, कर्ज ६४,०००. बेरीज ३,४०,०००, सगळी रोख, कुणाची उधारी नाही.

४ एप्रिल

तीन कामं, भराभर.

मुंबईहून येणाऱ्या मुख्य अभिनेत्रीचं मानधन करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे १२,५७० पाउंडांच्या वर आहे. अनिवासी कलाकाराला पैसे देताना २० टक्के कर कापून इथल्या कर खात्याकडे भरावा लागतो. त्यांच्या सेक्रेटरीने "हातात पूर्ण रक्कम हवी" म्हटलं. कापलेल्या कराचा दाखला देऊ, त्यावर भारतात दुहेरी कर टाळण्याच्या कराराखाली वजावट मागता येते, हे त्यांच्या सीएंना समजावलं. सीए जाणते निघाले, विषय मिटला.

१ एप्रिलपासून किमान वेतन तासाला १२.२१ पाउंड झालं, २१ वर्षांवरच्यांना. दिग्दर्शकाच्या ओळखीची फिल्म स्कूलची मुलं 'अनुभवासाठी' फुकट यायला तयार आहेत. कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवशी कोणी कधी यायचं त्या यादीत, नाव, ठरलेल्या वेळा, सांगितलेलं काम असेल तर तो कामगार आहे, त्याला पगार आणि सुट्टीचे पैसे. सहाऐवजी चारच जण घेतले, चौघांना पूर्ण वेतन.

व्हिसाची कागदपत्रं गेली.

१२ मे

शूटिंगचा पहिला दिवस. नारळ फोडला, फुटपाथवर न फोडता घराच्या मागच्या अंगणात, शेजाऱ्यांना आधी सांगून.

१५ मे

रात्रीचं शूट. नर्स पहाटे घरी येते, आई जागीच, तिने पिठलं टाकलंय. स्वयंपाकघर एवढं चिंचोळं की कॅमेरा, बूम आणि दोघीजणी आत गेल्यावर दिग्दर्शक दारातून मॉनिटर बघत होता. पिठलं खरं हवं होतं, प्रत्येक टेकला गरम. मागच्या अंगणात एका काकूंनी छोट्या गॅसवर पातेल्यामागून पातेलं करून दिलं.

काकूंना पैसे द्यायला गेले तर त्या घेईनात. "अगं, घरच्यासारखं आहे, पैसे कसले?" त्यांना समजावलं, काकू, तुम्ही आठ तास उभ्या होतात, हे काम आहे. शेवटी तयार झाल्या. करारावर सही, बँकेचा तपशील, कामाचे तास. त्यांच्या नावापुढे 'फूड स्टायलिस्ट' लिहिलं, कारण केलं ते तेच. श्रेयनामावलीतही तसंच जाईल.

वहीतली त्या रात्रीची पानं बघून बरं वाटतं. बेसन, कांदे, तेल: दुकानाची पावती, मूळ खर्च, इथला. गॅस सिलिंडर: भाड्याची पावती. जनरेटरचं डिझेल: पावतीवर वेळ ०१:४०, कॉल शीटशी जुळते.

२१ मे

एका पुरवठादाराने आज हळूच सुचवलं की बिल थोडं फुगवून देतो, वरचं रोख परत करतो, "तुमचं क्रेडिट वाढेल." त्याला निरोप दिला आणि उरलेलं सामान दुसरीकडून घेतलं. सरकारची दिशाभूल आहे, गुन्हा आहे, एवढं पुरेसं आहे. त्याशिवाय अशा एकेका प्रकरणामुळे पुढच्या प्रत्येक मराठी चित्रपटाच्या फाइलकडे संशयाने पाहिलं जाईल. इथे आपली संख्या एवढीशी आहे, नाव जपायलाच हवं.

६ जून

इथलं चित्रीकरण पूर्ण. आठवड्याचे पगार आठवड्याला गेले, शेवटच्या आठवड्याचेही. एका स्पार्कने, म्हणजे लाइटवाल्याने, निघताना विचारलं की पुढचा चित्रपट कधी. इतक्या लहान युनिटला हा प्रश्न विचारला जातो तो वेळेवर पगार मिळाल्यामुळेच.

उद्या दिग्दर्शक साताऱ्याला. तिथला भाग आधीच्या पावसाने ओला आहे, फ्लॅशबॅकला तसाच हवा होता.

१७ जुलै

मिक्सिंग कुठे करायचं यावर निर्णय. लंडनच्या एका स्टुडिओने २०,००० सांगितले, पुण्यात ९,००० मध्ये होतं. मुंबईहून सूचना आली, "तिकडेच करा ना, परत मिळतात."

हिशेब मांडला. लंडनमध्ये केलं तर इथला खर्च २,४५,०००, एकूण ३,११,०००, त्याचे ८० टक्के २,४८,८००. म्हणजे मर्यादेत बसतं, पूर्ण वीस हजारांवर क्रेडिट. परत येणार ७,९५०. निव्वळ खर्च १२,०५०, तोही कितीतरी महिन्यांनी. क्रेडिट धरूनही पुणंच तीन हजारांनी स्वस्त. परतावा मिळतो म्हणून महागडं घेणं हा या योजनेतला नेहमीचा खड्डा. खर्च केलेल्या प्रत्येक पाउंडातले साठ पेन्स तरी आपलेच जातात.

पैशापलीकडेही कारण आहे. आईची भाषा साताऱ्याकडची, शब्दांचे शेवट गिळणारी. कुठला स्वर पुढे आणायचा आणि कुठला पार्श्वभूमीला सोडायचा हे पुण्यातल्या मिक्सरच्या कानाला आपोआप कळतं.

९ ऑक्टोबर

कंपनीचं हिशेबाचं वर्ष ३० सप्टेंबरला संपलं. चित्रपट त्याआधी पूर्ण, प्रत तयार. बीएफआयकडे अंतिम प्रमाणपत्राचा अर्ज चित्रपटाच्या प्रतीसह गेला. गुण अंतरिम अर्जापेक्षा एकाने कमी भरतात, कारण सहायक भूमिकेतली एक अभिनेत्री बदलली होती. १८ च्या वर आहोत, हरकत नाही.

हिशेब तपासताना एक गोष्ट वेगळी काढली. नर्सचं घर म्हणून वापरलेली जागा निर्मात्यांच्या इथल्या नातेवाइकाच्या कंपनीची आहे. नव्या नियमांत संबंधितांशी झालेले व्यवहार बाजारभावाने झाले पाहिजेत आणि ते तसे दाखवता आले पाहिजेत. त्याच रस्त्यावरच्या दोन घरांचे, चित्रीकरणासाठी मागवलेले दर मार्चमध्येच घेऊन ठेवले होते. आमचं भाडं दोन्हींपेक्षा थोडं कमी. तिन्ही कागद फाइलमध्ये लावले आणि हा संबंध आपणहून नमूद केला.

अंतिम आकडे: इथला मूळ खर्च २,२१,४००, बाहेरचा ७७,०००, एकूण २,९८,४००. ८० टक्के २,३८,७२०, त्यामुळे २,२१,४०० वरच. क्रेडिट १,१७,३४२, कर जाऊन ८८,००६. जानेवारीतल्या अंदाजापेक्षा दीड हजारांनीसुद्धा फरक नाही.

२२ जानेवारी २०२६

३१ तारखेला चार महिने पूर्ण होतात. आज आपण द्यायच्या रकमांची यादी पुन्हा लावली. दोनच बिलं उरली होती, दोन्ही वादातली: गाडीला पडलेल्या ओरखड्याचं, आणि हरवलेल्या एका लेन्स फिल्टरचं. दोन्ही पार्ट्यांशी बोलून रकमा ठरवल्या, दुपारी पैसे गेले. बँकेचे उतारे फाइलला लावले.

काकूंना चित्रपटाच्या इथल्या पहिल्या खेळाचं आमंत्रण द्यायला फोन केला. त्यांनी मिळालेल्या पैशातून नवा मिक्सर घेतलाय.

१० फेब्रुवारी

कर विवरण दाखल. सोबत अंतिम प्रमाणपत्र, खर्चाची विभागणी, आणि अतिरिक्त माहितीचा फॉर्म. हा फॉर्म आधी किंवा त्याच दिवशी गेला नाही तर दावा ग्राह्य धरत नाहीत, म्हणून तो सकाळीच पाठवला.

कर्ज देणाऱ्या संस्थेला प्रती पाठवल्या. गुंतवणूकदारांना पत्र गेलं: दावा ८८,००६ चा, त्यातून ६४,००० कर्जाचे, उरलेले २४,००६ तुमच्यात प्रमाणानुसार, पैसे जमा झाल्यापासून आठवड्याच्या आत. थिएटरच्या उत्पन्नाचा हिशेब वेगळा, दर तिमाहीला.

निर्मात्यांचा दुपारी फोन. पुढची कथा कोल्हापूरच्या कुस्तीगिराची आहे. "ती पण तिकडे करायची का, मॅडम?" त्यांना म्हटलं, ती कोल्हापुरातच करा. इथे आणून गुणही मिळणार नाहीत आणि तालीमही मिळणार नाही. पण 'नंतर देऊ' ही ओळ त्या बजेटमध्येही ठेवू नका. त्यांनी तक्त्याचा जुना नमुना मागितला आहे, उद्या पाठवायचा.

बाकी: पुण्याकडून सबटायटलची अंतिम फाइल, लेस्टरच्या थिएटरशी तारखेचं बोलणं, कंपनीच्या वार्षिक हिशेबावर सह्या.